बाहेर अँटेना लावली, दांड्या पूर्ण, तरी नेट अडकतेच: दोष शोधायचा कसा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. घर खाली पऱ्याकाठी, टॉवर वर सड्यावर. फायबर वाडीपर्यंत आलेले नाही, म्हणून फोरजी राउटर घेतला, छपरावर जीआय पाइप उभा करून अँटेना चढवली, वायर खिडकीतून आत घेतली. राउटरवरच्या दांड्या दोनाच्या चार झाल्या. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणे: व्हिडिओवर चक्र फिरत राहते, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, रिचार्ज करायला गेले तर पान उघडत नाही. मग अँटेना जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मग जास्त 'डीबी'वाली दुसरी अँटेना. आणि पुन्हा तेच.

पाइपला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: नेट नेमके कधी बिघडते? पहिल्या दिवसापासून, रोज संध्याकाळी, पाऊस लागल्यावर की लाइट जाऊन आल्यावर? दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा या 'कधी'मध्येच असते. उरलेले राउटरमधले चार आकडे सांगतात.

दांड्यांवर विसंबू नका

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे राउटर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. बहुतेक राउटरमध्ये दांड्या आरएसआरपी या एका आकड्यावर चालतात, म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो तेवढेच कळते. जत्रेतल्या कर्ण्याचा आवाज गावभर पोचतो, पण काय बोलताहेत ते कळत नाही, तसा हा प्रकार.

ब्राउझरमध्ये राउटरचे पान उघडा. पत्ता राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. टीपी-लिंकवर बहुधा १९२.१६८.१.१ आणि हुआवेवर १९२.१६८.८.१. 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फर्मेशन'खाली हे सापडेल:

आरएसआरपी: -८० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. -१०० पर्यंत काम निभते. -११० च्या खाली राउटर नुसता तग धरून असतो. चिन्ह वजा आहे, त्यामुळे -९५ हे -१०५ पेक्षा चांगले. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक.

एसआयएनआर: गोंगाटात आपला सिग्नल किती स्वच्छ आहे ते हा सांगतो. २० च्या वर उत्तम, १० ते २० चांगला, ५ च्या खाली रडतखडत. शून्याखाली गेला तर दांड्या कितीही असोत, वेग मिळणार नाही. नेटच्या वेगाशी सगळ्यात जवळचे नाते याच आकड्याचे आहे.

आरएसआरक्यू: चॅनेलवरच्या एकूण रहदारीच्या तुलनेत आपला सिग्नल किती ते हा सांगतो. -१० च्या आसपास ठीक, -१५ च्या खाली वाईट. याचा खरा उपयोग संध्याकाळच्या तक्रारीत होतो, तो पुढे येईल.

चौथी गोष्ट म्हणजे बँड, म्हणजे टॉवर कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर बोलतो ते, आणि सेल आयडी. सेल म्हणजे टॉवरचा एका दिशेला, एका बँडवर सिग्नल देणारा भाग. सेल आयडीला २५६ ने भागा. भागाकार हा टॉवरचा क्रमांक, बाकी उरते तो त्या टॉवरवरचा सेल. समजा आकडा ८,७०,७१,४९१ आहे. भागाकार ३,४०,१२३ आणि बाकी ३. उद्या बाकी बदलली तर राउटर त्याच टॉवरच्या दुसऱ्या सेलवर किंवा बँडवर गेला. भागाकारच बदलला तर बहुतेक वेळा टॉवरच बदलला. हे गणित वहीत करून ठेवा, पुढे फार कामाला येते.

तीन वेळा नोंद घ्या: पहाटे पाचला, दुपारी आणि रात्री नऊला. प्रत्येक वेळी चारही गोष्टी, शिवाय डाउनलोड आणि अपलोडचा वेग. वेग मोजताना लॅपटॉप लॅन वायरने राउटरला जोडा, नाहीतर मोबाइल राउटरच्या शेजारी धरा. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीपलीकडे वायफायच धड पोचत नाही, आणि शिव्या बसतात अँटेनाला.

रात्री बाराला आपोआप सुरू होते?

मग अँटेनाचा काही दोष नाही. रोजचा कोटा संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि मध्यरात्री नवा कोटा मिळाला की नेट धावू लागते. ओळखायची खूण सोपी आहे: व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, फोटो अडकतो, आणि वरचे चारही आकडे दिवसभर जसेच्या तसे असतात. मोबाइलवर 'अमर्याद फाइव्हजी' मिळते म्हणून तेच सिम राउटरमध्ये घालणारे इथे फसतात. ती सवलत फाइव्हजी नेटवर्कवर वापरलेल्या डेटापुरती असते. फोरजी राउटरचा प्रत्येक एमबी रोजच्या कोट्यातून जातो. घरच्या वायफायवर आले की सगळ्या मोबाइलचे फोटो बॅकअप आणि लॅपटॉपचे अपडेट एकदम सुरू होतात, त्यात २ जीबी दुपारीच उडतात.

रोज रात्री आठ ते अकरा

पहाटे २५ एमबीपीएस आणि रात्री दीड, असे असेल तर दोन्ही वेळचे आरएसआरपी शेजारी ठेवून बघा. तो -८८ चा -८८ च आहे, पण आरएसआरक्यू -८ वरून -१४ वर घसरला, तर सेलवर गर्दी आहे. आरएसआरक्यूच्या हिशोबात त्या चॅनेलवरची एकूण रहदारी येते, म्हणून माणसे वाढली की तो खाली येतो. टॉवर जवळ असो की लांब, एका सेलची क्षमता सगळ्यांत वाटली जाते.

महागडी अँटेना इथे फुकट जाते, कारण कमतरता सिग्नलची नसतेच. उपाय दोनच, बँड बदलणे किंवा टॉवर बदलणे. इथे एक उलटा प्रकार दिसतो, ज्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे फोरजी ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झवर चालते. ८५० आणि ९०० झाडा-भिंतींतून चांगले शिरतात, म्हणून त्यांचा आरएसआरपी झकास दिसतो आणि राउटर त्यांनाच चिकटतो. पण तिथली चॅनेल बहुधा अरुंद असतात. ५ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दोन अँटेना धरूनही आदर्श स्थितीत ३७ एमबीपीएसच्या आसपास निघतात, आणि तेवढ्यात अख्ख्या सेलला भागवायचे. २३०० वर २० मेगाहर्ट्झचे चॅनेल असेल तर आरएसआरपी -१०४ असूनही रात्रीचा वेग जास्त मिळू शकतो. दांड्या दोन, वेग चौपट.

राउटरमध्ये बँड निवडण्याची सोय असेल तर एकेक बँड लॉक करून रात्री नऊलाच मोजा. पहाटेचा वेग पाहून बँड ठरवू नका. जिओचे सिम असेल तर ३, ५ आणि ४०, एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४०, व्हीसाठी १, ३, ८ आणि ४१, आणि बीएसएनएलसाठी १, २८ आणि ४१ हे बँड तपासायचे. क्रमांक असे वाचा: २८ म्हणजे ७००, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१००, ४० म्हणजे २३०० आणि ४१ म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक टॉवरवर सगळे असतीलच असे नाही. लॉकची सोय नसेल तर शेजाऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे सिम तासभर मागून घालून पाहा. नवी अँटेना घेण्यापेक्षा ते स्वस्त.

राउटर बाहेरदेशातून आणला असेल तर त्याचे बँड आधी वाचा. युरोपसाठीच्या पुष्कळ मॉडेलांत २० क्रमांकाचा बँड असतो, जो आपल्याकडे फोरजीला वापरात नाही, आणि ५ क्रमांकाचा नसतो. दुबईहून भाच्याने प्रेमाने पाठवलेला राउटर वाडीत निम्मा बहिरा निघतो तो यामुळे.

पहिल्या दिवसापासूनच फरक नाही

इथे वायरकडे बघा. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच जागी.

हिशोब मांडू. हातभर लांबीची लॉग-पिरियॉडिक अँटेना, म्हणजे माशाच्या काट्यासारखी दिसणारी, साधारण ९ ते ११ डीबीआय (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचे डेसिबलमधले माप) देते. राउटरच्या मूळ दांडीअँटेना २-३ डीबीआयच्या असतात, म्हणजे निव्वळ फायदा ७-८ डेसिबल. आता सोबत आलेली काळी बारीक वायर बघा. ती आरजी-५८ असेल तर १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये ८ डेसिबलच्या आसपास खाते, २३०० ला दहाच्या घरात. छपरावर कमावलेले खिडकीपर्यंत येता येता संपले. याहून बारीक आरजी-१७४ असेल तर मीटरामीटराला रडायची वेळ. एलएमआर-२०० घेतली तर त्याच दहा मीटरना पावणेपाच डेसिबल जातात, एलएमआर-४०० ला दोनच्या आत.

म्हणून ५ मीटरपर्यंत एलएमआर-२०० चालते, त्यापुढे एलएमआर-४००. ती करंगळीएवढी जाड आणि ताठ असते. थेट राउटरला लावली तर तिच्या वजनाने राउटरचे पोर्ट उखडते. राउटरकडच्या टोकाला फूटभर बारीक, लवचिक वायर जोडा आणि जाड वायर भिंतीला क्लिपने आवळा. वायर गरजेपेक्षा लांब घेऊन उरलेली गुंडाळी राउटरमागे लटकवून ठेवू नका. त्या गुंडाळीतही सिग्नल जिरतो.

डिशची वायर चालेल का, असे हमखास विचारतात. ठरलेले उत्तर 'नाही' असे आहे, कारण ती ७५ ओहमची आणि आपली जोडणी ५० ओहमची. पण खरे नुकसान मोजले तर ओहम न जुळल्याने फार तर अर्धा-पाऊण डेसिबल जातो, आणि चांगली आरजी-६ स्वतः १८०० ला दहा मीटरमध्ये तीनएक डेसिबल खाते. म्हणजे स्वस्त आरजी-५८ पेक्षा ती बरीच. खरी अडचण वेगळी: दोन्ही टोकांना लावायचे सुमार अडॅप्टर सैल बसतात आणि पावसात पाणी घेतात. हाताशी नवी आरजी-६ असेल तर चाचणीपुरती खुशाल वापरा, कायमची नको.

अंतर १५ मीटरच्या वर जात असेल तर हा सगळा खटाटोप सोडा. बाहेर लावायचा, अँटेना पोटातच असलेला फोरजी राउटर घ्या, टीपी-लिंक किंवा मायक्रोटिकचे असे मॉडेल मिळते, आणि खाली लॅन वायर आणा. लॅन वायर १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही आणि वीजही तिच्यातूनच वर जाते. वायर बाहेरची, काळ्या आवरणाची आणि निव्वळ तांब्याची घ्या; तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीत व्होल्टेज पडते. वीज देणारा अडॅप्टर त्याच राउटरसोबतचा वापरा, २४ व्होल्टच्या जागी ४८ चा लावून यंत्र जाळू नका. घरातला साधा राउटर डब्यात घालून पत्र्याखाली ठेवायची युक्ती मात्र करू नका. तो बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी किती होते ते वेगळे सांगायला नको.

पिन आहे की भोक?

कनेक्टरचा एक घोळ इतका नेहमीचा आहे की आधी तोच तपासावा. फोरजीच्या पोर्टला एसएमए कनेक्टर लागतो आणि वायफायच्या अँटेनाला बहुधा उलटा, आरपी-एसएमए. आटे दोघांचे सारखेच, त्यामुळे चुकीचा कनेक्टरही गुळगुळीत बसतो, घट्टही होतो. फक्त आत तांब्याला तांबे टेकत नाही. कनेक्टर काढून उजेडात धरा. राउटरच्या फोरजी पोर्टमध्ये मधोमध बारीक भोक आणि वायरच्या टोकात मधोमध सोनेरी पिन असली पाहिजे. दोन्हीकडे भोक दिसले तर दोष सापडला. दोन्हीकडे पिन असेल तर जोर लावू नका, वाकेल. कनेक्टर बोटांनी घट्ट करून वर पान्याचा हलका झटका पुरे.

काही राउटरवर चार दांडीअँटेना असतात, त्यातल्या दोन वायफायच्या. बाहेरची अँटेना वायफायच्या पोर्टला लावलेली असेल तर टॉवर ऐवजी माडाच्या शेंड्याला वायफाय मिळते. पोर्टवर 'एलटीई' लिहिलेले आहे का ते बघा.

पुढचा दोष सेटिंगमधला. हुआवेच्या काही मॉडेलांत अँटेना आतली की बाहेरची हे पानावर निवडावे लागते, आणि 'ऑटो' दर वेळी बरोबर ओळखतेच असे नाही. 'एक्स्टर्नल' करून राउटर बंद-चालू करा, आकडे पुन्हा लिहा. वायर काढली तरी आरएसआरपी तसाच राहतो का ते बघा. राहत असेल तर राउटर बाहेरच्या अँटेनाकडे ढुंकूनही पाहत नाही.

आणि एकच वायर? फोरजी दोन वाटांनी एकाच वेळी डेटा आणते, म्हणून पोर्ट दोन असतात. एकाला दहा डीबीआयची अँटेना आणि दुसऱ्याला घरातली दांडी, अशी जोडणी केली की दोन वाटांत इतकी तफावत पडते की राउटर दुसरी वाट सोडून देतो. आरएसआरपी सुधारतो, वेग तिथेच राहतो. दोन सारख्या अँटेना, दोन सारख्या लांबीच्या वायरी, एकाच पाइपवर अर्ध्या मीटरच्या अंतराने. दोन्हींची तोंडे एकाच दिशेला, पण काटे एकीचे ४५ अंश उजवीकडे झुकलेले आणि दुसरीचे ४५ अंश डावीकडे, म्हणजे समोरून पाहिल्यावर फुली दिसली पाहिजे. टॉवरवरच्या अँटेनाही बहुधा तशाच फुलीत असतात.

'२८ डीबीआय', '४९ डीबीआय' असे खोक्यावर छापलेल्या वीतभर अँटेनांचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. २४ डीबीआयला २.४ गिगाहर्ट्झवर जवळजवळ मीटरभर रुंदीची जाळीची डिश लागते.

डाउनलोड ठीक, अपलोड शून्य

टॉवर डोंगरावरून ओरडतो, आपला राउटर फार तर २०० मिलिवॅटने कुजबुजतो. त्यामुळे लांबच्या घरात टॉवरचे ऐकू येते, आपले त्याच्यापर्यंत पोचत नाही. पान उघडायला सुरुवात होते आणि थांबते, व्हिडिओ कॉलवर समोरचा दिसतो पण त्याला आपण दिसत नाही. अपलोड अर्ध्या एमबीपीएसच्या खाली असेल तर वायरचे नुकसान कमी करा आणि जमल्यास ८५० किंवा ९०० च्या बँडवर या. वायर जाता-येता दोन्हीकडे खाते, म्हणून वरचा हिशोब इथेही लागू.

अपलोड सुरू होताच राउटर बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर गोष्ट वेगळी. अडॅप्टर बदललेला असतो. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा, पण अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर पिन बसली म्हणून लावला जातो. राउटर पूर्ण जोराने बोलू लागला की त्याला तो पुरत नाही. स्टिकरवरचे अँपिअर जुळवा, किंवा जास्त अँपिअरचा घ्या. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत.

मृगानंतर सुरू होणारे दुखणे

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैमध्ये ठरलेले वाक्य ऐकू येते: पावसामुळे सिग्नल कमी झाला. हवेतल्या पावसाने या फ्रिक्वेन्सीचे काहीच बिघडत नाही म्हटले तरी चालेल. पावसाने टीव्हीची डिश जाते, कारण ती दहा गिगाहर्ट्झच्या वर चालते. फोरजीला नडतात दोन गोष्टी: ओली पाने आणि कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी.

दोहोंतला फरक असा ओळखा. पाऊस थांबून तासा-दोन तासांत, झाडे निथळल्यावर आकडे सुधारले तर पाने. आंब्या-फणसाचा ओला डेरा १८०० आणि २३०० ला पुष्कळ अडवतो, ८५० ला कमी. पाइप डेऱ्याच्या वर न्या, नाहीतर दोन मीटर बाजूला सरकवून झाडांच्या फटीतून टॉवर धरा, किंवा पावसाळ्याचे चार महिने खालच्या बँडवर काढा. मार्चमध्ये मोकळी दिसणारी फट जुलैत नव्या फुटव्याने बुजते, हेही ध्यानात असू द्या.

उघडीप पडली तरी दोन-दोन दिवस आकडे वर येत नसतील, आणि दोन पोर्टांपैकी एकाच वाटेचा सिग्नल पडला असेल, तर पाणी वायरमध्ये आहे. ते कनेक्टरमधून शिरते आणि जाळीच्या विणीतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पुढे सरकते. वरचा कनेक्टर काढा, बाहेरचे आवरण इंचभर सोला. जाळी लालसर तांबूस किंवा चंदेरी चकचकीत हवी. काळी किंवा हिरवट दिसली तर तेवढा तुकडा कापून उपयोग नाही, चांगली जाळी दिसेपर्यंत कापत जा. मीटरभर कापूनही काळीच असेल तर वायर बदला. मल्टिमीटरने तपासायचे तर वायर दोन्हीकडून सोडवून घ्या. पुष्कळ अँटेना आतून शॉर्टच असतात, तो त्यांचा गुण आहे. वायर अँटेनाला जोडलेली असताना बीप वाजला म्हणून वायर टाकून देऊ नका. सुटी केल्यावर मधली तार आणि जाळी यांच्यात बीप वाजला तर मात्र ती गेली.

नवी जोडताना आधी कनेक्टर कोरडा आणि घट्ट. त्यावर स्वतःच एकजीव होणारी रबरी टेप दुप्पट ताणून गुंडाळा, आणि वर काळी पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर न्यायचा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो, कौले शाकारतो तसा. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक वेढ्याच्या कडेत पन्हळ तयार होतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे वापरू नका, तो तांबे खातो. एम-सीलने पाणी थांबते, पण पुढच्या वर्षी कनेक्टर उघडायला करवत लागते. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली वीतभर झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल. भोकही बाहेरच्या बाजूला उतरते पाडा आणि जमले तर वळचणीखाली घ्या. समुद्राजवळ स्टेनलेसचे यू-क्लॅम्प लागतात, साधे दोन पावसाळ्यांत गंजून अँटेना मान टाकते.

विजेचे सांगायलाच हवे. पाइपला घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जाड तारेने जोडा, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या दिवसांत आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधी, दोन्ही वायरी राउटरपासून सोडवून भिंतीपासून दूर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये.

लाइट जाऊन आली की नेट मंद

सेल आयडीची वही इथे उपयोगी पडते. गावची वीज गेली की टॉवर बॅटरीवर, मग जनरेटरवर चालतो. तोही थांबला की राउटर दूरच्या टॉवरला धरतो. जवळचा टॉवर परत आला तरी कित्येक राउटर जुळलेला दूरचा टॉवर सोडत नाहीत. भागाकार वहीतल्या टॉवरशी जुळत नसेल तर राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा. रोज पहाटे चारला आपोआप रीस्टार्टची वेळ लावता येत असेल तर लावून टाका. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर तो वीज गेल्यावर बंद पडत नाही, पण टॉवर बदलण्याचा हा प्रकार त्याने थांबत नाही.

दिशा लावताना

टॉवरची जागा सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर नकाशात मिळते. तिथून होकायंत्राने ढोबळ दिशा धरा. एकाने वर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खाली आकडे वाचायचे. एका वेळी १५ अंश, मग ४० सेकंद हात बाजूला. राउटर आकड्यांची सरासरी दाखवतो, भराभर फिरवले की मागच्या दिशेचा आकडा पुढच्या दिशेच्या नावावर लिहिला जातो. आरएसआरपी सर्वांत मोठा कुठे ते न पाहता एसआयएनआर कुठे चढतो ते पाहा. दोन टॉवर एकाच बँडवर समोरासमोर ओरडत असतील तर अँटेना थोडी तिरकी धरून नको असलेल्याला पाठ दाखवणे जास्त फायद्याचे ठरते. आरएसआरपी २ ने उतरतो, एसआयएनआर ६ ने चढतो, आणि वेग वाढतो. दरीतल्या घरात उत्तम दिशा कधी कधी टॉवरची नसून समोरच्या कड्याची निघते, कारण सिग्नल कड्यावर आपटून येतो. नकाशाशी भांडू नका, आकडा मानायचा.

आकडे झकास, पान मात्र उघडत नाही

हा दोष छपरावरचा नाही. राउटरमध्ये एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायच्या दाराचे नाव, तपासा: जिओला 'जिओनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', अर्थात रोमन लिपीत. आयपी प्रकार 'आयपीव्ही४व्ही६' ठेवा. जिओवर नुसता 'आयपीव्ही४' ठेवून अडकलेले राउटर पुष्कळ सापडतात. काही पाने धडाक्यात उघडतात आणि बँकेचे पान तेवढे लटकते, असे असेल तर एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याची कमाल लांबी, १५०० वरून १४०० करून पाहा. सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगशी झटापट करू नका. मोबाइल नेटवर एक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरचा माणूस थेट तुमच्या राउटरपर्यंत येऊच शकत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचे क्लाउड ॲप वापरा.

दुकानदार शेवटी बूस्टर काढून दाखवेल. अँटेना नुसती ऐकवते आणि पोचवते. बूस्टर सिग्नल स्वतः मोठा करून पुन्हा हवेत सोडतो, आणि त्यात आजूबाजूच्या सगळ्यांचा गोंगाट वाढतो. खासगी माणसाने परवान्याविना तो बसवणे बेकायदा आहे, दूरसंचार विभाग ते शोधून जप्त करतो. आणि ज्या घरात आरजी-५८ च्या दहा मीटरांनी नेट खाल्ले होते, तिथे आधी वायर बदला.